रेघा

माझ्या वहीत जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेयवर बरीच टिपणे होती. त्याच्या मेसरश्मिट १०९ वर पिवळा १४ : रंग तुकडीचा, आकडा विमानाचा. शेपटीच्या सुकाणूवर रेघा, पाडलेल्या प्रत्येक विमानाची एक. त्याच्या नावावर १५८. ३० सप्टेंबर १९४२ रोजी आफ्रिकेत इंजिन बिघडले, त्याने उडी घेतली; हवाई छत्री उघडलीच नाही. वय २२.

आबा निरक्षर. मजुरीचे दिवस कोळशाने भिंतीवर रेघा ओढून मोजतात. छायाचित्र पाहून त्यांनी विचारले, "ह्या कसल्या रं?"

मी सांगितले.

"मग त्यातल्या माणसांची नावं?"

रेघ विमान मोजते. आतला माणूस जगला की मेला, हे सांगत नाही. मी वहीत नवे पान काढले. ते अजून कोरे आहे.