तीनशे किलोंचा हट्ट

वाचकहो, आपल्या घरात पन्नाशी उलटलेले कुणी रात्री जेवणानंतर मोबाईलवर अवाढव्य मोटारसायकलींची चित्रे न्याहाळत बसत असेल, तर त्यांना हे अवश्य वाचून दाखवा. मीही त्यांच्यातलाच. वय ५८, सहा वर्षांपूर्वी कमरेतील चकती सरकलेली, आणि निवृत्तीच्या पैशांतून एक मोठी गाडी घ्यायचीच हा हट्ट मात्र जागच्या जागी.

माझ्या भाच्याकडे ट्रायम्फची रॉकेट ३ आहे. इंजिन २४५८ सीसीचे. घरोघरी असते त्या छोट्या चारचाकीच्या दुपटीहून मोठे. मी मंडईला नेतो ती दुचाकी ९७ सीसीची. एका रविवारी पहाटे आम्ही गाड्यांची अदलाबदल केली आणि कोथरूडहून ताम्हिणीच्या दिशेने निघालो.

भूगाव-पिरंगुटच्या गर्दीत पहिला धडा मिळाला. मोठे इंजिन, मग ते कोणतेही असो, थांबत-थांबत चालू लागले की त्याची धग मांड्यांना जाणवतेच. शिवाय प्रत्येक थांब्यावर तीनशेहून अधिक किलोंचा तोल दोन पावलांवर तोलायचा. मुळशी मागे पडल्यावर मात्र सारेच पालटले. चाके फिरू लागली की गाडी आपला तोल आपणच सांभाळते. ते वजन कुठे जाते, कोण जाणे! गिअर न बदलता, मूठ किंचित पिळताच ती चढ चढत होती, आवाजही न वाढवता. वेग सत्तरच्या आसपासच होता, परंतु पाठीमागून कुणीतरी भक्कम हात देत आहे असे वाटत होते. पाऊण तास मला माझी कंबर आठवली नाही. हे सुख खोटे होते असे मी म्हणणार नाही. (ज्या सरळ, रुंद रस्त्यावर अशा इंजिनाने मोकळा श्वास घ्यावा, त्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जावच आहे, ही गोष्ट वेगळी.)

अपघात झाला तो वेग शून्य असताना. चहाच्या टपरीपाशी उतारावर वळवताना उजवा पाय बारीक खडीवरून घसरला. चूक सर्वस्वी माझी. गाडी कलू लागली आणि मी ती अंगाने धरून ठेवण्याचा वेडेपणा केला. मागून भाचा ओरडला, "मामा, सोड ती! पडू दे!" मी सोडली, पण कमरेतून कळ गेल्यानंतर.

पडलेली जड गाडी उचलण्याचीही रीत आहे, आणि ती घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असावी. आधी इंजिन बंद करावे. गाडी उजव्या कुशीवर असेल तर बाजूचा स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा. मग गाडीकडे पाठ करून आसनाला नितंब टेकवावेत, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची भक्कम पट्टी धरावी, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या बळावर लहान पावलांनी मागे रेटावे. वाकून उचलू नये. मी तर नुसता उभा राहिलो. भाच्याने आणि टपरीवाल्याने ती उभी केली.

घरी सौभाग्यवतींनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि एवढेच विचारले, "तुम्ही एकटे असता तर?"

फिजिओथेरपीचे सहा आठवडे संपल्यावर मी एका विक्रेत्याकडे गेलो. ६५० सीसीची गाडी त्याने समोर आणली. वजन दोनशे किलोंच्या थोडे वर. तो किल्ली देऊ लागला. मी म्हटले, "किल्ली राहू द्या." बंद गाडी दुकानापुढच्या उतारावर नेली आणि एकट्याने उलटी वर ढकलून पाहिली. तीन पावले गेली. चौथ्याला कंबर बोलली.

"३५०मधली दाखवा," मी म्हणालो.