आधी उचल, मग लग्न

सोयीच्या लग्नावर पटकथा लिहायला बसणाऱ्यानं पहिल्या पानावर नवरा-नवरी आणू नयेत, पैसे आणावेत. कोणी दिले, किती दिले, कशाच्या बदल्यात दिले आणि फेडायचे कधीपर्यंत. एवढं पक्कं झालं की माणसं काय बोलतील याची फार काळजी करावी लागत नाही.

हे मी शिकलो ते जाँ-पिएर आणि ल्युक दार्देन या बेल्जियन भावांच्या 'द सायलेन्स ऑफ लोर्ना'कडून. 2008 साली कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. सिनेमा सुरू होतो तोच नोटांवर. लोर्ना बँकेच्या खिडकीशी उभी राहून पैसे भरतेय. ती अल्बानियाची. बेल्जियमचं नागरिकत्व मिळावं म्हणून तिनं लिएज शहरातल्या क्लोदी नावाच्या गर्दुल्ल्याशी लग्न केलंय. दलालाचा बेत असा की क्लोदी नशेनं मेला की लोर्ना विधवा होईल, मग तिच्या नव्या नागरिकत्वाच्या जोरावर एका रशियन माणसाशी तिचं दुसरं लग्न लावायचं आणि त्याच्याकडून मोठी रक्कम घ्यायची. पण क्लोदी नशा सोडायला निघतो आणि सगळा हिशोब बिघडतो. घटस्फोट लवकर मिळावा, क्लोदी जगावा, म्हणून लोर्ना नवऱ्यानं मारल्याचा पुरावा तयार करते. स्वतःलाच इजा करून घेते. अशा प्रसंगाला दुसऱ्या कोणी पार्श्वसंगीताचा पूर आणला असता. इथं नुसता धडका बसल्याचा आवाज आहे.

त्या सिनेमातला एक तुकडा मी किती वेळा मागे-पुढे करून पाहिला असेल! आदल्या रात्री दोघं पहिल्यांदा जवळ आलेली असतात. सकाळी क्लोदी सायकलवर बसतो, लोर्ना थोडं अंतर त्याच्या बाजूनं धावते, हसते. पुढच्या दृश्यात ती त्याचे कपडे काढून ठेवतेय. जरा वेळानं आपल्याला कळतं की हे कपडे प्रेताला घालायचे आहेत. मरण दाखवलेलंच नाही. पटकथेत जे लिहायचं नाही ते ठरवायला जास्त हिंमत लागते, ती या दोन दृश्यांच्या मधल्या जागेत दिसते.

आता आमच्याकडे येतो. वाशिम जिल्ह्यात, मानोरा-मालेगावकडच्या बंजारा तांड्यांवर, सोयाबीन निघालं की कोरडवाहू शेतात फारसं काम उरत नाही. मग ऊसतोडीला न्यायला ट्रक येतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कोणी सोलापूरला, कोणी थेट कर्नाटकात. ऊसतोडीच्या धंद्यात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा असेल तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देताना हात आखडतो. म्हणून उचल घ्यायची तर लग्न हवं, आणि तेही ट्रक निघायच्या आत. मराठवाड्यात अशा लग्नांना 'गेटकेन' म्हणतात. आमची पटकथा अशाच एका जोडीची आहे.

लोर्नाचा साचा इथं जसाच्या तसा बसत नाही. लिएजमध्ये कागद खरा असतो आणि लग्न खोटं. त्यामुळे तिथं कोणी विचारेल, कोणी पकडेल ही धाकधूक पटकथेला आयती मिळते. तांड्यावर उलट. लग्न खरं असतं, नायक-कारभाऱ्यांच्या समोर, चार माणसांत लागलेलं. कागद मात्र एकच, उचलीचा, मुद्रांकावरचा. खोटं असं काही नाहीच, मग उघडकीला काय येणार? पटकथेतली ओढ दुसरीकडून आणावी लागते. ती हिशोबातच सापडली.

2024 च्या जानेवारीत तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले, म्हणजे टनाला साधारण 366 रुपये झाले. जोडीनं एक लाखाची उचल घेतली असं धरू. भागाकार केला तर 273 टन ऊस होतो. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं मानलं तरी 137 दिवस लागतात. दिवाळीनंतर फडात उतरलेली जोडी एक दिवस न चुकता मार्चअखेरपर्यंत राबली तर नुसती बरोबरीला येते. आठवड्याची खर्ची यात धरलेली नाही. ताप आला, पाळीत कंबर धरली, घरी राहावं लागलं, तर खाडा. त्या दिवसाची तोड गेली ती गेलीच, वर पाचशे-हजाराचा दंड. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, फडात ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि रात्री ट्रॅक्टर येईल तेव्हा तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. पटकथेला आदि-मध्य-अंत कुठून आणायचा हा प्रश्नच राहिला नाही. उचल, फड, पट्टा पडणं म्हणजे हंगाम संपणं. हंगामानंच तीन अंक पाडून ठेवलेत.

पहिल्या अंकातला आमचा एक संवाद असा आहे. मुकादम तांड्याबाहेरचा, म्हणून वऱ्हाडीत बोलतो.

"जोडी हाय का अर्धाच?"

"जोडीच हाय."

"लगन झालं?"

"होऊन जाईन."

"मंग अंगठा आता दे. लगन झाल्यावर तिले घिऊन ये."

एवढंच. मुलीचं नाव कोणी विचारत नाही. पोळ्याच्या सुमारास उचल घेतली आणि दिवाळीला ट्रक निघायचा, म्हणजे मधला सगळा काळ चातुर्मासातला. पंचांगात मुहूर्त नाही, आणि ट्रक तुळशीच्या लग्नापर्यंत थांबत नाही. लग्नघाई कशी दाखवायची म्हणून वेगळं दृश्य रचायची गरज उरली नाही.

पटकथेच्या वाचनाला आम्ही तांड्यावरच्या बाया बोलावल्या होत्या. लग्नाच्या रात्री नवरी रडते असं एक दृश्य होतं. ऐकून घेतल्यावर एकीनं विचारलं, "पीठ किती न्यायचं ते कुठं लिवलं?" दुसरी म्हणाली, कोंबड्या कोणाकडे ठेवल्या ते सांगा. त्या दृश्यात आता रडणं नाही. नवरी सासूसोबत ज्वारी निवडतेय, पोती मोजतेय, आणि नवरा बाहेर बांबू बांधतोय, कारण फडावर गेल्यावर राहायला कोप उभी करायची आहे. दोघांत पहिलं बोलणं होतं ते बांबू पुरतील का यावर. मला ते शृंगारिक वाटतं. काही मित्रांना वाटत नाही, त्याला इलाज नाही.

भाषेचा पेच मोठा होता. ही मुलगी घरात गोरमाटी बोलते, मुकादमाशी वऱ्हाडी, आणि कारखान्याच्या चिठ्ठीबॉयशी त्याच्या भागातल्या मराठीत हो-नाही. गोरमाटीत ती बडबडी आहे, चेष्टेखोर आहे. मराठीत गप्प. आपल्याकडे गरीब बाई पडद्यावर आली की ती सोशिक आणि मुकी असते, ते चित्र इथं आपोआप मोडतं. म्हणून अर्धा सिनेमा गोरमाटीत ठेवला, खाली मराठी अक्षरं. लोर्नातही भाषा अशीच कामाला आली. दार्देन बंधूंनी लोर्नाच्या भूमिकेसाठी प्रिश्तिनाची आर्ता दोब्रोशी घेतली आणि ती त्या कामासाठी फ्रेंच शिकली. ते अडखळतं फ्रेंच तिच्या परकेपणाचं अर्धं काम करतं.

वेशभूषेचा मोह आवरणं सोपं नव्हतं. बंजारा म्हटलं की आरशांची कांचळी आणि फेटिया डोळ्यांसमोर येतात, आणि पट्टा पडायच्या सुमारासच रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. शेवटाला गर्दी, रंग, नगारा, सगळं आयतं. पण फडातली बाई साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घालते, उसाच्या पानानं हात कापू नयेत म्हणून. सिनेमाभर तोच सदरा आहे. यात्रा नाही.

मुलीचं वय आम्ही 19 ठेवलं, यावर बराच वाद झाला. अशी कितीतरी लग्नं अठराच्या आतलीच असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांत जवळजवळ 22 टक्के जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली निघाली. पण मुलगी पंधराची दाखवली की प्रेक्षक बापाला गुन्हेगार ठरवून मोकळा होतो आणि वहीतला हिशोब कोणी वाचत नाही. कायद्यात बसणारं लग्नसुद्धा कसं ठरतं ते दाखवायचं होतं.

प्रेम? आहे ना. ते हिशोबात न बसणाऱ्या गोष्टींत येतं. तिला ताप भरतो. तो मुकादमाला म्हणतो, हिचा खाडा माह्या नावावर टाक. मुकादम हसतो. खाडा कोयत्यावर पडतो, त्यात तिचं-माझं असं काही नसतं. त्या रात्री तो एकट्यानं मोळ्या चढवतो. बरी झाल्यावर ती मुकादमाकडे जाऊन म्हणते, माह्या नावचं पान दाखव. मुकादम वही उघडतो. पान नवऱ्याच्या नावचं आहे. तिनं तोडलेला ऊस, तिनं वाहिलेल्या मोळ्या, सगळं त्याच्या नावावर. ती वही बघत राहते आणि आम्ही तिथंच दृश्य तोडतो. पुढच्या दृश्यात ट्रक परतीला लागलाय आणि नवरा-बायको शेजारी न बसता समोरासमोर बसलीत. मधे काय झालं ते लिहिलेलं नाही. एका निर्मात्यानं विचारलं, भांडण झालं का? मी म्हटलं, प्रेक्षकांना विचारू.

'सामना' या सिनेमात जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकरांनी 1974 साली साखर कारखान्याच्या अध्यक्षाची खुर्ची दाखवली. त्या खुर्चीपर्यंत ऊस कोणाच्या डोक्यावरून येतो, त्यावर पन्नास वर्षांत मराठी पडद्यानं फार थोडा वेळ घालवला. मुंबईहून अभिनेत्री आणून तिला शिबिरात मोळी बांधायला शिकवून ही उणीव भरून निघेल असं मला वाटत नाही. वाढ्याचा वळ पिळून मोळीभोवती टाकण्याची ती एक गिरकी हातात असावी लागते, आणि ती कॅमेऱ्याला लगेच कळते.

तर मानोरा, मालेगाव, मंगरूळपीर भागातल्या वाचकांना एक विनंती. हा लेख तांड्यावर कोणाला वाचून दाखवा. ऊसतोडीला जाऊन आलेल्या, गोरमाटी बोलणाऱ्या बाया आम्हाला हव्यात. अभिनय आला नाही तरी चालेल. रोजी फडापेक्षा जास्त देऊ, आणि ती ज्या त्या बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करू.