उवा, लिखा आणि रिओपन झालेला बग

मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. डोक्यात उवा आहेत, उपचार करूनच पाठवा. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "त्या चाळीतल्या मुलीशेजारी बसतेस ना?" नालासोपाऱ्याच्या चाळीत अर्धं बालपण काढलेल्या माणसाने हे म्हणावं! असो.

मेडिकलमधून परमेथ्रिनचं लोशन आणलं, रविवारी लावलं, बारीक फणीने विंचरलं. सोमवारी टीचरना सांगून बेंचही बदलून घेतला. प्रश्न मिटला. (टिकिट क्लोज करायची घाई, जुनी खोड.)

बाराव्या दिवशी परत खाज. च्यायला, आता तर बेंच बदललाय!

मग जरा वाचायला बसलो. या औषधाने उवा मरतात, पण लिखा बऱ्याचशा वाचतात. लीख फुटायला साधारण ७ ते ९ दिवस लागतात, म्हणून नवव्या-दहाव्या दिवशी दुसरा डोस. खोक्यातल्या कागदावर परत लावा असं लिहिलेलंच होतं. पण मॅन्युअल वाचतो कोण?

दुसरं म्हणजे ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. विरार लोकल पकडणं तिला जमायचंच नाही. केसाला केस लागले की ती चालत पलीकडे जाते, आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. रोज धुतलेलं डोकंही तिला चालतं. एका मोबाईलवर चार डोकी, एका उशीवर दोन, एवढं पुरतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपत असतील तर ती सगळ्यांकडे जाणारच, आणि सहा जणांना एकाच दिवशी औषध लावायचं तर बाटल्या किती आणायच्या? तो प्रश्न जागेचा आणि पैशाचा आहे, घाणीचा नाही.

आता आमच्या टू बीएचकेत एका उशीवर कोण झोपतं? आजी आणि नात, गोष्ट ऐकता ऐकता. आईचं डोकं तपासायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तपासलं. निघाल्या! आई बिचारी खजील. म्हणे सीताफळाच्या बिया वाटून लावते. ती पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला चांगलीच इजा होते, तेव्हा तिला कसंबसं थांबवलं. या वेळी आई, बायको, लेक, तिघींना एकाच दिवशी औषध, आणि दुसऱ्या डोसचा फोनवर रिमाइंडर.

उवा कुणाकडून कुणाकडे गेल्या? लॉग कुठेच नाही. आमच्याच घरातून त्या मुलीकडे गेल्या असतील, काय सांगावं.

"बाबा, मग मी परत तिच्याशेजारी बसू?"

"बस की."

"पण ती आता माझ्याशी बोलत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीचरना परत भेटलो, बेंच पूर्वीसारखा करून घेतला आणि म्हटलं, पुढच्या वेळी चिठ्ठी अख्ख्या वर्गाला द्या, एकाच दिवशी. त्या बघू म्हणाल्या.

काल लेक सांगत होती, डब्यातलं थालीपीठ घेतलं तिने. बोलली मात्र नाही.