रोज एक प्रकरण

थॉमस आ केम्पिस यांचं ‘इमिटेशन ऑफ क्राइस्ट’ हे छोटेखानी पुस्तक सलग वाचायला घेतलं, की लवकरच मन थकतं. अहंकार सोड, मरणाचं भान ठेव, लोकांच्या स्तुतीवर जगू नकोस, हेच फिरून फिरून समोर येतं. विचार पुढे सरकल्यासारखा वाटत नाही, आणि चांगले जाणते वाचकही याच कारणाने ते अर्ध्यावर ठेवतात. माझ्या मते इथे चुकतं ते वाचणं. हरिपाठ ‘वाचून झाला’ असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही, तो रोज म्हणायचा असतो. कॅथलिक भक्तिजीवनातलं हे पुस्तकही त्याच जातीचं, नित्यपाठाचं आहे. दिवसाला एक प्रकरण, तेही कामाला लागण्याआधी, एवढ्याच मापाने ते घ्यावं.

हे माप मी मनाने ठरवलेलं नाही, ते पुस्तकाच्या घडणीतच आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावी खेर्ट ख्रोटे यांच्या शिकवणुकीतून साध्यासुध्या भाविकांचे गट उभे राहिले. ही माणसं एकत्र राहत, हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरत, आणि वाचताना मनाला भिडलेली वचनं स्वतःच्या वहीत टिपून ठेवत. थॉमस याच वळणात वाढले. १३८० च्या सुमारास ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातल्या केम्पेन गावी ते जन्मले, १३९९ मध्ये झ्वोलेजवळच्या सेंट अ‍ॅग्नेसच्या मठात गेले आणि १४७१ मध्ये त्याच मठात वारले. त्यांनी अख्खं बायबल हाताने उतरवून काढलं, एकदा नव्हे, अनेकदा. ‘इमिटेशन’चे चार भाग आधी सुट्या पुस्तिका म्हणून फिरत होते. त्यांच्या हातची १४४१ सालची प्रत ब्रसेल्सला आहे, तिच्यात ख्रिस्तप्रसादावरचा भाग तिसरा येतो, तर आज छापलेल्या पुस्तकात तो चौथा असतो. क्रम असा हलवता आला, कारण त्यावर काही अडून नव्हतं. चारही भागांत मिळून ११४ प्रकरणं, त्यातली बरीचशी पान-दोन पानांची. संत इग्नेशियस लोयोला यांना हे पुस्तक मान्रेसा इथल्या तपश्चर्येच्या काळात फार जवळचं झालं. पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी साधनेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ‘इमिटेशन’, शुभवर्तमानं किंवा संतचरित्रं यांतलं काही अधूनमधून वाचावं, असं सुचवलं. पुस्तक पुरं करा, असं ते कुठेही म्हणत नाहीत.

रोजच्या वाचनात या पुस्तकाला धार कशी येते, ते पहिल्या भागातल्या सोळाव्या प्रकरणात दिसतं. दुसऱ्यांचे दोष सहन करण्याबद्दलचं हे प्रकरण जेमतेम पानभर आहे. एकदा-दोनदा सांगूनही जो ऐकत नाही त्याच्याशी भांडत बसू नकोस, देवावर सोड, असं ते सांगतं. मग विचारतं, तुला हवं तसं तू स्वतःलाच घडवू शकलेला नाहीस, तर दुसरा तुझ्या मर्जीप्रमाणे कसा वागेल? सलग वाचनात हे सुभाषितासारखं वाटून मागे पडतं. सकाळी वाचून बाहेर पडलेल्या माणसाला मात्र तो ‘दुसरा’ अकरा वाजेपर्यंत कचेरीत समोर उभा दिसतो, आणि वाक्याची परीक्षा तिथे होते. वयाप्रमाणे बोचणारं प्रकरणही बदलतं. शिकण्याच्या दिवसांत तिसरं प्रकरण झोंबतं, कारण शेवटच्या न्यायाच्या दिवशी काय वाचलं हे नव्हे, काय केलं हे विचारलं जाईल, असं ते बजावतं. संसार आणि नोकरी सुरू झाली की सोळावं. घरात दुखणी आली की दुसऱ्या भागातलं बारावं, क्रुसाच्या राजमार्गाचं. तोपर्यंत ते नुसतं अवघड वाटलेलं असतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हे मठात राहणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, ते मुलाबाळांच्या माणसाला जगाकडे पाठ फिरवायला शिकवतं. आक्षेपात तथ्य आहे. माणसांत जाऊन आलो की माणूस म्हणून कमीच होऊन परततो, अशा अर्थाचं वाक्य पहिल्या भागाच्या विसाव्या प्रकरणात आहे. ज्याची सेवा माणसांतच आहे त्याने ते तसंच्या तसं उचलू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. भुकेल्याबद्दल, मजुराच्या थकलेल्या रोजाबद्दलही इथे फार थोडं सापडतं. म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय सोबत हवाच. पण दुसऱ्या भागातलं तिसरं प्रकरण सांगतं, आधी स्वतः शांत हो, मग दुसऱ्यांना शांत करू शकशील. हे तर माणसांत राहणाऱ्यालाच लागू पडतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशोल्ड १९६१ मध्ये काँगोच्या युद्धबंदीसाठी निघाले असताना विमान अपघातात गेले. त्यांच्या मुक्कामाच्या खोलीत हे पुस्तक होतं आणि त्यात खूण म्हणून त्यांच्या पदाच्या शपथेचा मजकूर ठेवलेला होता. ते कॅथलिक नव्हते, लुथेरन होते. स्वामी विवेकानंदांनी भारतभ्रमणात गीतेबरोबर हेच पुस्तक जवळ बाळगलं आणि काही प्रकरणं बंगालीत आणली. या दोघांनी जग टाकलं होतं, असं कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप, कुठलंही पान उघडून त्यातून कौल काढण्याच्या सवयीवरचा, मला पूर्ण मान्य आहे. मन आपल्याला आवडणाऱ्या पानाशीच थांबतं आणि त्यालाच देवाची इच्छा म्हणू लागतं. त्यापेक्षा ओळीने जावं, नकोसं प्रकरणही त्याच्या दिवशी घ्यावं. चौथा भाग मी यातून वेगळा काढेन. तो ख्रिस्तप्रसादाच्या तयारीचा आहे, रविवारच्या मिस्साआधी त्यातलं एकच प्रकरण पुरतं. अठरा प्रकरणं म्हणजे चारेक महिन्यांचे रविवार, आणि एकोणिसाव्या रविवारी पुन्हा पहिलं.