बियाण्यात जीव असतो



आपल्या चिखलदऱ्याला कॉफी होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण तिचे पेरायचे बी कडक उन्हात वाळवत नाहीत. पिकलेली फळे पाण्यात टाकून तरंगणारी काढतात, साल काढून बी चाळलेल्या लाकडी राखेत घोळतात आणि सावलीत दोन इंचांच्या थराने पसरतात. रोज एकदा हलवतात, पाचएक दिवसांनी राख झाडतात. प्यायची कॉफी खडखडीत वाळली तरी चालते. पेरायचे बी तसे वाळवले तर मरते. साध्या साठवणीत तर काही महिन्यांतच त्याची उगवण जाते.

आपल्या सोयाबीनचा स्वभाव वेगळा. ते वाळलेच पाहिजे, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. पण साल पातळ, आणि कोंब त्या सालीच्या लगेच खाली. पोते आपटले की कोंब दुखावतो, वरून दाणा मात्र टपोराच दिसतो.

अकोल्याकडे मी दोन भाऊ पाहिले. वावर एक, पीक एक. थोरल्याने मळणीयंत्र हळू फिरवले, बी पातळ पसरून वाळवले, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचली. धाकट्याने घाईने मळणी केली आणि छतापर्यंत थप्पी लावली. पावसाळ्यात थोरल्याचे तास भरून उगवले. धाकट्यावर दुबार पेरणी आली. बियाण्याचा पैसा गेला, मजुरी गेली, पेरणीची वेळही गेली. त्या साली त्याच्या लेकीचे लग्न पुढे ढकलले गेले.

म्हणून सांगतो, घरचे बी राखायचे तर पोती पाचापेक्षा उंच रचू नका. त्यांच्याशेजारी खत किंवा औषध ठेवू नका. आणि पेरणीपूर्वी, मे महिन्यातच, घरी उगवण तपासा. निवड न करता १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सात-आठ दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजा. ७० किंवा जास्त निघाले तर बी पेरण्याजोगे. थोडे कमी असतील तर त्या मानाने बियाणे वाढवा. फारच कमी असतील तर ते पेरू नका, बाजारात विका आणि वेळीच दुसरे बियाणे मिळवा.

गोणपाटाचा एक तुकडा आणि आठवडाभराची वाट, एवढाच याचा खर्च आहे. यंदा तो जरूर करा.