तांब्याभर पाणी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरातले एक तांब्या पाणी कमी झाले होते. ते मी घेतले होते. आईने विचारले तेव्हा मी "मला काय ठाव" म्हणालो.

आमचे गाव माण तालुक्यात आहे. चैत्रात विहिरीचा तळ दिसतो. मग टँकर येतो. आई पाणी मोजून देते.

तेव्हा गुरुजींनी जलचक्र शिकवले. उन्हाने पाण्याची वाफ होते, ती वर जाऊन गार होते, तिचे बारीक थेंब होतात, त्यांचेच ढग आणि मग पाऊस. गुरुजी म्हणाले, "पाणी संपत नाही, जागा बदलते." मला पटेना. आमच्या विहिरीतले तर संपले होते की! आणि समुद्र खारट, तर पाऊस गोडा कसा? गुरुजी म्हणाले, "करून बघ."

म्हणून तो तांब्या. त्यात मूठभर मीठ विरघळवले, परातीत ओतले आणि परात पत्र्यावर उन्हात ठेवली. शेळी चढू नये म्हणून राखण केली. तिसऱ्या दिवशी पाणी गायब, परातीला पांढरे पांढरे चिकटलेले. आजीने बोटाने चाखले. "आरं, मीठच हाय की!" म्हणजे नुसते पाणी उडाले, मीठ खालीच राहिले. समुद्रावरही असेच होते. आजीने आईला काही सांगितले नाही. १९७२ च्या दुष्काळात आजी माझ्याएवढी होती. तेव्हा सुकडी खाल्ल्याचे ती सांगते.

पण उडालेले पाणी आमच्याकडे का येत नाही? गुरुजींनी नकाशा दाखवला. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून वारे ढग आणतात. मध्ये सह्याद्री आडवा. डोंगर चढताना ढग गार होतात आणि तिकडेच रिते होतात. महाबळेश्वर आमच्याच सातारा जिल्ह्यात, पण तिथे वर्षात ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे ५०० च्या आसपास. याला पर्जन्यछाया म्हणतात. मला आधी वाटले छाया म्हणजे गार सावली. कसली सावली, नुसते ऊन!

थोडा पाऊस पडतो तोही थांबत नाही. ओढ्यातून माणगंगेत, मग भीमेत, मग कृष्णेत, आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेच्या समुद्राचे पाणी पूर्वेच्या समुद्राला, आणि मध्ये आमची विहीर कोरडी! जे पाणी बांधाला नाहीतर चराला अडते तेवढे जमिनीत मुरते आणि झऱ्याने विहिरीत येते. वडील माळावर चर खणायला गेले होते. मला ते झाडे लावायचे खड्डे वाटले होते.

पहिल्या पावसात मी पन्हळीखाली ओंजळ धरली. पाणी गोडे होते. "यात माझा तांब्या असंल का?" असे मी गुरुजींना विचारले. ते हसले.

आई पालकसभेला येणार आहे आणि हे वाचणार आहे. आई, परात मी तेव्हाच राखेने घासून ठेवली होती. पाणी घेतले नव्हते.