नव्वद युनिटची गाडी आणि पंधरा अँपिअरचं सॉकेट

हॉस्टेलवर "तू कुठली?" या प्रश्नाला मी "येडशी" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते कुठे आलं?" तर सोलापूरहून धाराशिव ओलांडून बीडकडे निघालात की महामार्गावर आमचं गाव लागतं. रामलिंगाचं देऊळ, घाटातलं अभयारण्य आणि श्रावणात भाविकांच्या बरोबरीने माकडांची गर्दी. अशा या गावात दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक महाचर्चा झाली. विषय : मामांची जुनी जॅग्वार आय-पेस घ्यायची की नवीकोरी टियागो ईव्ही?

हसू नका, खरंच सांगते. पुण्याच्या मामांना आता दुसरी गाडी हवी आहे. त्यांची आय-पेस 2021 ची, इलेक्ट्रिक, आतून एकदम राजवाडा. "बाहेर विकण्यापेक्षा दाजींनाच देतो," म्हणून त्यांनी घरचा भाव सांगितला. तो नव्या छोट्या गाडीपेक्षा थोडासाच जास्त होता. पप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान. त्यांच्या डोळ्यांसमोर दुकानापुढे उभी असलेली जॅग्वार दिसायला लागली. आजीने विचारलं, "जॅग्वार म्हंजी काय गं?" मी म्हटलं, "वाघाच्या जातीचा प्राणी." आजी म्हणाली, "मग नको बाई. एक वाघ आलाय तेवढा बास झाला." (डिसेंबर 2024 मध्ये एक वाघ टिपेश्वरहून चालत चालत आमच्या अभयारण्यात येऊन पोचला होता. तेव्हापासून आजीचं वाघांविषयी स्वतःचं असं मत आहे.)

शेवटी पप्पा म्हणाले, "घरात इंजिनिअर आहे ना, तिला विचारा." थर्ड इयर इलेक्ट्रिकलला घरी इंजिनिअर म्हणतात, हे व्हायवा घेणाऱ्या सरांना कळू नये ही विनंती! मी पडले कॉन्व्हेंटची. गणित इंग्रजीत करते आणि भांडण मराठीत. त्या दिवशी दोन्ही करावं लागलं.

गणित असं. आय-पेसची बॅटरी 90 किलोवॅट-अवर, म्हणजे 90 युनिटची. टियागोची मोठी बॅटरी 24 युनिटची. आमच्या पोर्चमध्ये पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे. 230 गुणिले 15, म्हणजे कागदावर साडेतीन किलोवॅटच्या आत. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, म्हणून तीनच धरा. टियागो आठ तासांत भरेल, रात्री लावली की सकाळी तयार. आय-पेसला तीस तास! आणि घरच्या मीटरचा मंजूर भारच दोन किलोवॅटचा. तो दोन्ही गाड्यांना वाढवावा लागणार.

मामा काही कच्चे नाहीत. फोनवरून म्हणाले, "अगं, रोज बॅटरी रिकामी करतंय कोण? जेवढं वापराल तेवढंच भराल ना?" हे मात्र शंभर टक्के बरोबर. आईची शाळा जाऊन-येऊन तीस किलोमीटर. तेवढ्याला छोट्या गाडीला चारेक युनिट लागतील, मोठीला सातेक. दोन-अडीच तासांत तीही भरून निघेल. शिवाय आय-पेस पुण्यापर्यंत एका दमात जाईल. टियागोला वाटेत चार्जिंगला थांबावं लागेल, आणि तो चार्जर चालू असेल अशी प्रार्थना करावी लागेल. पहिला राउंड मामांचा.

पण मला राहून राहून आमच्या गावावरून जाणारी जुनी रेल्वे आठवत होती. मी ती पाहिलेली नाही, आजीकडून ऐकली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. 1897 मध्ये ती सुरू झाली आणि 1911 मध्ये येडशीवरून लातूरला पोचली. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. कॅलथ्रॉपची खरी हुशारी अशी की त्याने प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही. त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. म्हणजे त्याने आधी बघितलं की खालचा रूळ किती पेलतो, मग वरची गाडी ठरवली. पुढे गरज वाढली, तेव्हा 2008 पर्यंत तोच मार्ग ब्रॉडगेज झाला. पण मधली शंभर वर्षं त्या छोट्या गाडीने या भागाचं काम केलं.

आमचा रूळ काय पेलतो? आय-पेसचं वजन दोन टनांच्या वर, टियागोचं जवळपास निम्मं. त्या हिशोबाने टायर, ब्रेक, सस्पेन्शन सगळंच महाग. मामा सर्व्हिसिंग पुण्यात करतात. आम्ही काय दर वेळी पुणे गाठायचं? आणि आय-पेसचं उत्पादन आता बंद झालं आहे. बॅटरीची वॉरंटी दोघींचीही आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर. पण मामांच्या गाडीची 2029 मध्ये संपेल, आणि नवीची मोजणी आत्ता सुरू होईल. पेट्रोल गाडीचं इंजिन बसलं तर धाराशिवचा मिस्त्री खोलून बघतो. 90 युनिटचा पॅक कोण खोलणार? टियागोत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत. वजनाच्या मानाने ते ऊर्जा कमी साठवतात, पण ऊन सोसतात आणि जास्त वेळा चार्ज होतात. मराठवाड्यातला मे महिना ज्याने काढलाय त्याला याचं महत्त्व सांगायला नको.

पप्पांचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, कारण त्यांची हौस खोटी नव्हती. वीस वर्षं माणूस मोटरसायकलवर बियाण्यांच्या पिशव्या वाहतोय, त्याला एकदा तरी ऐटीत बसावंसं वाटलं तर बिघडलं काय?

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. सगळ्या चर्चेत ती एक शब्दही बोलली नव्हती, आणि आम्हीही तिला विचारलं नव्हतं. म्हणाली, "गाडी माझ्या शाळेसाठी घ्यायची ना? मग मला चालवता येईल ती घ्या. ती मोठी गाडी आली तर चालवणार तुम्ही, आणि मी परत काळीपिवळीतच."

सगळे गप्प. आईने मागच्या वर्षी लायसन्स काढलं, हेही आम्ही विसरलो होतो. काळीपिवळीत चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून बसलेली आई मी लहानपणापासून पाहते आहे. एसटी चुकली की हेडमास्तरांसमोर खाली मान घालून उभं राहायचं, हे तिचं ठरलेलं. आमच्या गणितात युनिट होते, टन होते, किलोमीटर होते. स्टिअरिंगवर कोण बसणार, हा कॉलमच नव्हता.

पप्पांनी मामांना फोन लावला. "साहेब, तुमचा वाघ पुण्यातच राहू द्या," म्हणाले. मामा दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "ताई, रिव्हर्स घ्यायला मी शिकवतो."

टियागो बुक झाली आहे. तोवर पप्पांनी मीटरचा भार वाढवायचा अर्ज दिला आहे. आई रोज संध्याकाळी शेजारच्या काकांच्या जुन्या गाडीवर सराव करते, आणि आजी अंगणातून ओरडते, "सावकाश गं, कोंबड्या हायत!" जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर कोण बसणार यावरून पप्पांचं आणि माझं भांडण चालू आहे. अर्थात मराठीत.